पीडितेचा जबाब मंगळवारपर्यंत घेणेबाबत

प्रति,
मा. न्यायदंडाधिकारी साहेब,
फौजदारी न्यायालय, पिंपळदरे, जि. जळगाव.

अर्जदार : शेवंताबाई पुना बडगुजर, वय ५४, धंदा स्वयंपाक, महिला आश्रयगृह, कोर्टासमोर, पिंपळदरे.

विषय : पीडितेला मामाच्या ताब्यात देण्याआधी तिचा जबाब नोंदवून घेणेबाबत.

संदर्भ : याच विषयाचे अर्जदाराचे तीन अर्ज. पोच तिन्हींची आहे, उत्तर एकाचेही नाही.

महोदय,

१. अर्जदार आश्रयगृहात भाकरी थापते. कायदा तिला कळत नाही, हे आपल्या बाबूंनी तिला दोनदा ऐकवले आहे. पण तिथली एकोणीस वर्षांची पीडिता (नाव लिहायचे नाही असा नियम आहे म्हणे) पहिल्या दिवसापासून तिच्या चुलीपाशी बसते. सुरतेकडे चांगले स्थळ आहे म्हणून तिला नेले आणि विकले. ऑगस्टात ती पळाली आणि भुसावळ स्टेशनावर पोलिसांना सापडली. कोणी विकले, तेही तिने पहिल्याच आठवड्यात सांगितले : "माले मामानीच इकी दिन्हं." हा मामा म्हणजे चैत्राम. पोरीला आईबाप नाहीत, त्यामुळे ती सज्ञान असूनही कागदोपत्री पालक तोच.

२. आता मौज पाहावी. मामा आरोपी नाही, कारण पीडितेचा जबाब झालेला नाही. जबाब झालेला नाही, कारण समन्स बजावले जात नाही. आणि समन्स जाते कुठे? तिच्या कायमच्या पत्त्यावर, सातपुड्याच्या पायथ्याला, त्याच मामाच्या दारी! तो तारीख वाचून घेतो आणि पोरगी इथे नाही म्हणतो. बेलीफ 'मिळून आली नाही' असे लिहून परत येतो. तेव्हा पीडिता कोर्टापासून साठ पावलांवर मेथी निवडत असते. चारही तारखांना अर्जदाराने तिची वेणी घालून तिला कोर्टाच्या दारात उभी केली. बजावणी नसताना साक्षीदार हजर धरता येत नाही, असे चारही वेळा सांगण्यात आले. अहो, उभी आहे ना समोर! की तिने गावी जाऊन समन्स हातात घेऊन यावे?

३. ऑगस्टात पीडितेला गाडीचा रंग, दलालाचे नाव, त्या घराच्या पायऱ्या, सगळे तोंडपाठ होते. आता विचारले की म्हणते, जाऊ दे मावशी. पालक म्हणून मामाला भेटीची परवानगी आहे. दर दुसऱ्या शनिवारी तो शेवेचे लाडू घेऊन येतो, तिच्या डोक्यावरून हात फिरवतो आणि एवढेच म्हणतो, "धाकली बरी शे." धाकटी म्हणजे पीडितेची चौदा वर्षांची बहीण. तो गेला की पीडिता दोन दिवस जेवत नाही. अर्जदाराला त्या लाडवांची शिसारी येते, हे ती स्पष्ट लिहिते.

४. धाकटीला कुठे ठेवले आहे, ते पीडितेने शनिवारी रडत रडत सांगितले. अर्जदार तशीच पोलिसांकडे धावली. जबाबात आल्याशिवाय पथक पाठवता येणार नाही, असे ते म्हणाले. म्हणून गाव, गल्ली आणि घराची खूण लिहून ते पाकीट लाखेने बंद करून सोबत जोडले आहे. ते साहेबांनीच उघडावे, दुसऱ्या कुणाच्या हाती पडू नये.

५. गुरुवारी मामा पीडितेला न्यायला येणार आहे, तसा आदेश झाला आहे. बुधवारी शिवजयंतीची सुटी. राहिले आज आणि उद्या. कुंपणानेच शेत खाल्ले, आणि आपण शेत पुन्हा कुंपणाच्याच हवाली करता, साहेब? पाच मिनिटे द्या. ती बोलेल. अर्जदाराने हात धरला तर नक्की बोलेल.

उद्या दहापासून पीडितेसह आपल्या दारात उभी राहणारी,

शेवंताबाई पुना बडगुजर
(सही)
दि. १७ फेब्रुवारी २०२५

सोबत : १) आधीच्या तीन अर्जांच्या पोचा. २) लाखबंद पाकीट, एक.

कार्यालयीन शेरा, दि. १८ : अर्जात पालकाविरुद्ध कथन असल्याने अर्जाची प्रत सहपत्रांसह त्यांना देऊन लेखी म्हणणे मागवावे. पुढील तारीख ३ मार्च.

बजावणी अहवाल, दि. १८ : पाकीट उघडून प्रत काढली. श्री. चैत्राम राहत्या घरी समक्ष भेटले. कागद वाचून घेतले, पोच सही करून दिली. बजावणी पूर्ण.