बिनतारी कारखाना

सोमवार, ६ नोव्हेंबर

खर्रर्र… टुईं… खर्रर्र… आणि मग पाण्याखालून बोलावं तसा एका बाईचा आवाज. हवामान सांगत होती. शाळेत असताना काडेपेटी, तार आणि एका कानाला लावायची श्रवणयंत्रासारखी डबी जोडून आम्ही रेडिओ केला होता, त्यातला तो आवाज. आज सकाळी वेत भिजत घालताना अचानक आठवला. रेडिओ तसा दादाने केला होता. पण तार मी धरली होती. म्हणजे बिनतारी विद्या माझ्या हाडीमाशी पहिल्यापासून आहे.

आठवायचं कारण घडलं. समोरच्या शाळेतून (माझीच शाळा!) निरोप आला. सभागृहातल्या चाळीस वेताच्या खुर्च्या नव्याने विणायच्या, नाहीतर प्लास्टिकच्या घ्यायच्या. निर्णय शनिवारी अकराला. विश्वस्त मंडळ गावोगावी पांगलेलं, म्हणून मीटिंग ऑनलाइन. मी परसातल्या माझ्या वेतकामाच्या कारखान्यातूनच बोलायचं, म्हणजे त्यांना माझं काम दिसेल.

ही म्हणाली, काम मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर एक तारखेपासून कारखाना गादीवाल्याला गोदामासाठी भाड्याने. मी हसून सोडून दिलं. मिळणारच आहे.

केबलवाल्याला फोन केला. घरापासून परसातून कारखान्यापर्यंत इंटरनेटची वायर टाकायला त्याला पुढचा महिना उजाडेल. म्हटलं, ठेव तुझी वायर तुझ्यापाशी.

निश्चय : उद्यापासून पाचला उठणे. शनिवारपर्यंत नमुन्याची एक खुर्ची विणून तयार.

मंगळवार, ७ नोव्हेंबर

सातला उठलो. थंडी होती.

मुलाच्या ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर कारखान्यात मांडला. शोभतो. सूनबाईने अंगठ्याएवढी एक वस्तू आणून त्याच्या पाठीत खुपसली. म्हणे, घरातलं वायफाय ही हवेतून ओढून घेते. ओढलं नाही. सूनबाईने भिंतीवर बोटाने टकटक केली. वाळवी आणि उंदीर येऊ नयेत म्हणून तीन वर्षांपूर्वी मी स्वतःच्या हाताने चारी भिंतींना आणि छताला आतून पत्रा ठोकलाय. एक फट सापडणार नाही. सूनबाई म्हणाली, बाबा, हा कारखाना नाही, डबा आहे. सिग्नल आत येणार कुठून?

पोरगी हुशार आहे, पण अनुभव नाही. सिग्नलला पत्र्याचं काय? आज आभाळ आलं होतं, हे खरं कारण.

नमुन्याची खुर्ची : उद्या.

बुधवार, ८ नोव्हेंबर

आभाळ स्वच्छ. सिग्नल नाही. बहुधा कालच्या आभाळाचा परिणाम.

दुपारी अँटेना केला. पिठाची मोठी चाळणी, छत्रीचा दांडा, तांब्याची तार. कारखान्याबाहेर स्टुलावर चढून घराकडे तोंड करून धरला. खांदा भरून आला, पण मन कसं हलकं झालं! शाळेच्या खिडकीतून पोरं बघत होती. त्यांच्यात कुतूहल जागं झालं, हेही काही कमी नाही. एकाने ओरडून विचारलं, आजोबा, पाऊस चाळताय का? कल्पनाशक्ती चांगली आहे.

संध्याकाळभर ही चाळणी शोधत होती. मी कवितेच्या वहीत डोकं घातलं. शास्त्राला त्याग लागतो, आणि त्यागाची वाच्यता करू नये.

वेत अजून टपात. आज विणायला बसणार होतो, पण हात थरथरत होते. उद्या नक्की.

गुरुवार, ९ नोव्हेंबर

यश!!

स्क्रीनच्या कोपऱ्यात सिग्नलच्या दोन काड्या आल्या. सूनबाईचं म्हणणं, तिने स्वयंपाकघराच्या खिडकीत सिग्नल पुढे ढकलणारी डबी लावली आणि कारखान्याचं दार सताड उघडलं, म्हणून. असेल. पण काल मी एवढा वेळ अँटेना धरला, तो काय वाया जाईल? विज्ञानाचा गुण यायला वेळ लागतो, औषधासारखा.

तिने बजावलं, शनिवारी काहीही झालं तरी दार उघडं ठेवायचं. मी म्हटलं, ठेवीन. ती म्हणाली, बाबा, माझ्याकडे बघून म्हणा. बघून म्हटलं. कोणी म्हणेल मी पहिलीत आहे.

वेताला वास येतोय. काळा पडला. नवा आणावा लागेल.

शुक्रवार, १० नोव्हेंबर

वेताच्या दुकानाला आज सुट्टी. नमुना राहिला. हरकत नाही, नमुना काय कोणीही दाखवेल.

सूनबाईने तालीम घेतली. एका खुर्चीचे किती, दिवस किती लागतील, एवढंच सांगायचं. पाच मिनिटांत आटपा, म्हणाली. मी मान हलवली. पण मनात आलं, जी माणसं आपल्याच शाळेत कविता घोकत मोठी झाली, त्यांच्यापुढे दरपत्रक वाचायचं? छे! सुरुवात माझ्या ‘वेतगाना’ने करणार. चौदा कडवी, शाळेतल्या जुन्या चालीवर.

वाके तोच टिके जगी या, ताठ तो मोडून जाई;
वेता, तुझिया अंगी गुरूंची ऐशी शिकवण पाही.

हिला ऐकवली. ती म्हणाली, चाळणी सापडली छपरावर.

शनिवार, ११ नोव्हेंबर, सकाळी

सहाला उठलो! दाढी. पांढरा सदरा. सूनबाई ऑफिसला जाताना फाटकातून परत आली आणि फक्त ‘दार’ म्हणाली. मग गल्लीच्या टोकावरून पुन्हा ओरडली. तेच.

शनिवार, दुपारी

अकराच्या ठोक्याला पडद्यावर मंडळी उगवली. सात विश्वस्त आणि समोरच्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाई. नमस्कार झाले. त्यांनी विचारलं, आजोबा, ऐकू येतंय ना? मी म्हटलं, बिनतारी विद्या माझ्या हाडीमाशी आहे. हसले सगळे. चांगली सुरुवात.

घसा साफ केला. उजवा हात छातीवर, डोळे मिटले आणि ‘वाऽऽऽके’ उचललं. नेमकी त्याच क्षणी शाळेची मधली सुट्टी झाली. शेकडो पोरं मैदानात. असा कल्ला, की माझा मलाच सूर लागेना. मग सूर न सोडता डाव्या पायाने दार ढकललं. धाडकन बसलं. आणि काय सांगू! बाहेरचा कल्ला तर थांबलाच, पण पडद्यावरची मंडळीही जागच्या जागी स्तब्ध झाली. एका बाईंनी चहाचा कप ओठांशी नेला होता, तो खाली आणायचंही त्यांना सुचेना. एक गृहस्थ मिशीला हात लावून होते, तो हात मिशीवरच. पापणी लवत नव्हती कोणाची. असे श्रोते मला उभ्या जन्मात लाभले नव्हते. घरात तर नाहीच नाही.

मी रंगलो. दुसरं, तिसरं, सातवं कडवं. मिशीवरचा हात तसाच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मनात म्हटलं, चाळीस खुर्च्या झाल्या आपल्या. गादीवाल्याने दुसरीकडे सोय बघावी.

नवव्या कडव्याला दारावर थापा. अशा, की पत्रा वाजायला लागला. अशा रंगात आलेल्या मैफलीत कोण आलं म्हणून चिडून दार उघडलं.

डॉक्टर. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातले. हातात पेटी, गळ्यात नळी. मागे मुख्याध्यापिका बाई धापा टाकत, त्यांच्यामागे ही, अनवाणी.

डॉक्टरांनी मला स्टुलावर बसवलं आणि मनगट धरलं. ही सारखी म्हणत होती, अहो, काय होतंय? कुठे दुखतंय? मी म्हटलं, अजून पाच कडवी राहिली आहेत. ही रडायलाच लागली.

बाईंनी दम खाऊन सांगितलं. म्हणे, मी हात छातीवर नेला आणि तसाच राहिलो. हाका मारल्या, उत्तर नाही. एका विश्वस्तांच्या वडिलांचं असंच झालेलं. त्यांनीच ओरडून डॉक्टर बोलवायला लावले. आणि बाई पळत निघायच्या आधी सर्वानुमते ठराव झाला, की या वयात आजोबांना असली मेहनत लावणं हे पाप आहे. प्लास्टिकच्या खुर्च्या मंजूर. कोणी विरोधात नव्हतं. सगळ्यांनी मला विश्रांती घ्यायला सांगितलंय.

मी म्हटलं, बाई, मंडळी तर अजून ऐकतायत, बघा तिकडे. कप अजून ओठांशीच होता.

डॉक्टर म्हणाले, बोलू नका, आ करा. मी आ केला.

बाई हिला म्हणाल्या, हो, अस्संच! अगदी अस्संच होतं तोंड.