गाडीच्या मालकाला घेऊन या

बाबा,

गाडी बंद पडली आहे. किल्ली फिरवली की इंजिन एकदा खाकरतं आणि गप्प होतं, आणि समोरच्या काट्यांच्या मध्ये किल्लीचं एक लहानसं चित्र लुकलुकत राहतं. धायरीत दोन दिवस सलग पाऊस पडत होता. तिसऱ्या दिवशी रविवार होता आणि आई नेहमीसारखी डबा भरून खाली उतरली. मी गॅलरीतून बघत होते. ती किल्ली फिरवते, थांबते, पुन्हा फिरवते, मग हात मांडीवर ठेवून काचेतून समोरच्या भिंतीकडे बघत बसते. बराच वेळ झाला तरी ती उतरलीच नाही, तेव्हा मी खाली गेले. म्हणाली, "काही नाही गं, रुसलीय."

आई गाडी चालवते हे तुम्हाला माहीतच नाही. तुम्ही असताना ती शेजारच्या सीटवर पर्स घट्ट धरून बसायची आणि प्रत्येक वळणावर तिचा पाय नसलेला ब्रेक दाबायचा. तुम्ही म्हणायचात, "हळू, पत्रा फाटेल." तुम्ही गेल्यावर गाडी बरेच महिने खाली नुसती उभी होती. मग एक दिवस आईने आम्हाला कोणालाच न सांगता ड्रायव्हिंगचा क्लास लावला. मावशी लोणी काळभोरला अंथरुणाला खिळल्यापासून ती दर रविवारी तिकडे जाते, तिचे केस धुते, नखं कापते, मग दोघी पत्ते खेळतात आणि एकमेकींवर फसवल्याचा आरोप करतात. दुसरी गाडी घेऊ म्हटलं तर नको म्हणते. हिचा क्लच तिच्या पायाला माहीत आहे. कॅब करून देते म्हटलं तर म्हणते, परक्या माणसामागे एवढा वेळ तोंड बंद ठेवून बसायचं मला जमणार नाही. दोन बस बदलण्याइतके तिचे गुडघे आता राहिले नाहीत. लायसन्स माझ्याकडेही आहे, पण हायवेवर शेजारी ट्रक आला की माझे हात गार पडतात. म्हणून आई घरी बसून आहे, आणि मावशी रोज फोन करते, "झाली का न्हाई गं गाडी?"

सिंहगड रोडच्या आतल्या बाजूला एक गॅरेजवाले काका आहेत, त्यांनी गाडी ओढून नेली. संध्याकाळी ऑफिसातून परस्पर गेले तर म्हणाले, "ताई, ईसीएम गेलाय. गाडीचा मेंदू." तो पाण्याने गेला होता. त्यांनी समोरच्या काचेखालची, वायपरपाशी असते ती जाळी उघडून ठेवली होती आणि वर्तमानपत्रावर काळ्या चिखलाचा एक ढीग काढला होता. "हे बघा. पावसाचं पाणी जायची वाट यानेच बुजली. पाणी तुंबलं आणि आत मेंदूवर टपकत राहिलं. एवढं चांगलं खत मी नर्सरीतपण बघितलं नाही. झाड लावा यात." मी वाकून पाहिलं. चिखलात झेंडूच्या पाकळ्या होत्या. वरच्या अजून थोड्या ओळखू येत होत्या.

तुम्हाला दसरा आठवतो? आई सकाळी गाडी धुवायची, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायची आणि तुम्ही दारात उभं राहून "रंग जाईल गं" म्हणायचात. ती झेंडूचा मोठा हार लावायची, वर काचेच्या पायथ्याशी सुटी फुलं आणि आपट्याची पानं ओळीने मांडायची. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही ऑफिसला जायच्या आधी वाकून ती फुलं एकेक करून बाहेर काढायचात. जाळीत अडकलेल्या पाकळ्यासुद्धा, नखाने. आई वरून बघायची आणि म्हणायची, "एक दिवस तरी राहू दे की देवाचं." तुम्ही हात झटकून गाडीत बसायचात. मला वाटायचं, तुम्हाला पूजा आवडत नाही. तुम्ही फुलं का काढता हे मी कधी विचारलं नाही आणि तुम्ही कधी सांगितलं नाही. बाबा, एवढं सगळं शिकवलंत, हे एक सांगायला काय झालं होतं? तुम्ही गेल्यापासून आई बहुतेक दसऱ्यांना दुप्पट फुलं मांडते. ती कोणी काढत नाही. तिथेच सुकतात आणि कुठे जातात ते कोणी बघत नाही.

माझी पहिली शाळा तुम्हीच. ओट्यावर बसवून शेंगदाण्यांनी बेरजा शिकवायचात, एकीकडे तुमचा चहा उकळत असायचा. एकदा मूठ न उघडताच मी म्हटलं, "असतील सात-आठ." तुम्ही गॅस बंद केलात. "सात की आठ? अंदाजे बोलायचं नाही. माहीत असेल तर सांग, नसेल तर माहीत नाही म्हण. दोन्हीत लाज नाही." मी रडले, आणि तुम्ही ते शेंगदाणे मला खायला दिलेत. तेव्हापासून मी अशीच आहे. कुलूप लावून पुन्हा वर जाऊन ओढून बघते. ऑफिसात साधी मेल पाठवायची तर शेजारी बसणाऱ्या मुलीला वाचायला लावते. ती म्हणते, तुला कोणी फाशी देणार आहे का?

काकांनी भंगारात गेलेल्या तसल्याच एका गाडीचा ईसीएम मिळवला. इतक्या जुन्या गाडीचा नवा मिळतच नाही म्हणे. बसवला, आणि गाडी तरीही चालू होईना. मग त्यांनी मला समजावलं. गाडी चोरीला जाऊ नये म्हणून किल्लीच्या डोक्यात एक चिप असते. ईसीएमला ती ओळखीची वाटली तरच तो इंजिन चालू ठेवतो. हा दुसऱ्या गाडीचा मेंदू दुसऱ्याच कोणाची किल्ली शोधत होता. तुमची किल्ली त्याच्या दृष्टीने चोराची. त्याला ती नव्याने शिकवायची तर एक गुप्त कोड लागतो, आणि तो कोड कंपनीचं सर्व्हिस सेंटर फक्त गाडीच्या मालकाला देतं.

"नाहीतर ही चिपची भानगडच उडवून टाकू," काका म्हणाले. "दुपारपर्यंत गाडी घेऊन जा."

"मग कुठल्याही किल्लीने चालू होईल?"

"होईल की."

"आणि कोणी चोरली तर?"

त्यांनी गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ताई, चोराला पण चार लोकांत तोंड दाखवायचं असतं."

मला हसू आलं, पण मी नाही म्हटलं. जे कुलूप तुम्ही लावलंत ते काढून टाकायला माझा हात धजेना. त्यातून आई एकटी जाते, कुठेही गाडी उभी करते. काका म्हणाले, मग मालकाला घेऊन जा. गाडी अजून तुमच्याच नावावर आहे, बाबा. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की आई नाव बदलू देत नाही, तिला त्रास होतो, मी जबरदस्ती करत नाही. विमा तुमच्याच नावाने भरतानाही हेच सांगायचे.

सर्व्हिस सेंटरला फोन केला तर तिथला माणूस शांतपणे म्हणाला, मालक हयात नसतील तर मृत्यूचा दाखला, गाडीचे कागद आणि वारसाचा सही केलेला अर्ज आणा, कोड मिळेल. त्या रात्री मी अर्ज लिहिला आणि तो आईसमोर ठेवायला दोन दिवस लावले. काय बोलायचं ते मनात पाठ केलं. ती पोळ्या लाटत होती. मी सुरुवात केली, "आई, तुला वाईट वाटेल, पण..." तिने पिठाचा हात पदराला पुसला, चष्मा लावला, एकदाच वाचलं. "कुठे करू सही?" केली, आणि तव्यावरची पोळी उलटली. मग पाठमोरीच म्हणाली, "पण एवढी जपलेली गाडी, अशी एकदम कशी गं गेली?"

मी म्हटलं, पावसाने.

"पाऊस काय दरवर्षी पडतो," ती म्हणाली. "गेल्या दसऱ्याला फुलं महाग होती, मी हात आखडता घेतला. यंदा भरपूर घालू."

मी काय करायला हवं होतं, सांगा. तुमच्या नियमाने माहीत होतं ते सांगायला हवं होतं. मी ताटं घेतली.

मंगळवारी सकाळी रजा टाकून मी सर्व्हिस सेंटरला गेले. फाइलमध्ये सगळं होतं, दाखल्याच्या तीन प्रती, आईचा अर्ज, तिचं आधार कार्ड, माझंही. काउंटरवर माझ्याच वयाची एक मुलगी होती. तिने गाडीचा नंबर टाकला, पडद्यावर तुमचं नाव आलं. मला उलटं दिसत होतं तरी मी ते वाचलं. तिने ते पूर्ण उच्चारलं, तुमच्या वडिलांच्या नावासकट, आणि विचारलं, "हे तुमचे कोण?"

"वडील."

"सर नाही आले? कोड ओनरनाच द्यावा लागतो मॅम, सिक्युरिटीचं असतं ना."

फाइल माझ्या मांडीवर होती. चेनवर बोट होतं. मी म्हटलं, "ते बाहेरगावी आहेत."

"कधी येतील?"

"नक्की नाही सांगता येत."

"काही हरकत नाही. आले की त्यांना घेऊन या, पाच मिनिटांचं काम आहे." तिने हसून मला पाणी दिलं. मी ते सगळं प्यायले आणि बाहेर येऊन रस्त्यात उभी राहिले. फाइलची चेन मी उघडलीच नव्हती. पण त्या आधी, ती "आले की" म्हणाली तेव्हा, मला फार बरं वाटलं होतं. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

त्याला आता दोन रविवार झाले. गॅरेजवाले काका म्हणतात जागा अडते आहे, लवकर काय ते ठरवा. मावशी काल फोनवर म्हणाली, "माझं डोकं खाजतंय गं, बाकीच्यांना धुता येत न्हाई." आई भिंतीला टेकून ऐकत होती.  फाइल कपाटात तशीच आहे, हे पत्रही त्यातच ठेवीन, दुसरं कुठे ठेवणार. त्या मुलीसमोर पुन्हा बसायचं आणि तिला सांगायचं, एवढंच काम आहे. रोज सकाळी वाटतं आज जाईन.

आईला मी सांगितलंय की कंपनीकडून उशीर होतोय.