साल्तोचं गरम पाणी

साल्तो, उरुग्वे

दादा, जय भीम.

बाबांचे गुडघे सुधारलेत. तुझ्या अमेरिकेतल्या ट्रॉयच्या थंडीत त्यांना जिना चढवत नव्हता, इथे रोज नदीकाठी फिरतात. शहर छान आहे, गर्दी नाही. वहिनीची शिफ्ट बदलली का?

एक सांगू? दरवर्षी वीस मार्चला महाडला जाऊन भाषण ठोकणारे आपले बाबा काल गरम पाण्याच्या कुंडापाशी टॉवेल घेऊन नुसतेच उभे. म्हणाले, "आपल्याला चालतं का, विचार." सगळे निघून गेल्यावरच उतरले.

बाहेर आल्यावर म्हणाले, "आता पाणी बदलणार का, विचार त्याला."

तिथल्या माणसाला विचारलं. रोजच संध्याकाळी बदलतो म्हणाला.

मी बाबांना सांगितलं, "नाही बदलत."

आईला फक्त गुडघ्यांचं सांग.

तुझी प्रणिता