शिट्टी न वाजलेला फाउल

प्रिय टिल्ल्या,

आता तुला टिल्ल्या म्हणू नये एवढं कळतं मला. घराच्या दारातून वाकून आत येणारा माणूस तू, त्यात हॉकीच्या चॅम्पियन संघाचा फुलबॅक, त्यात लढाईवर जाऊन आलेला फौजी. पण ज्याचं नाक मी पुसलंय त्याला मी दुसरं काही म्हणणार नाही. नर्सबाईंना सांगून तू पत्रात लिहवून घेतलंस की मला भेटायला कुणीही येऊ नये. आईने ते वाचलं, घडी घातली आणि भाजी चिरायला बसली. बाबा म्हणाले, हॉस्पिटलातल्या माणसाचं ऐकावं. त्या दोघांनी ऐकलं. मी कधी तुझं ऐकलंय का?

आधी घरची खबर देते. बाबा म्हणजे हाडाचे सुतार, मनाला लागलं की हत्यारं काढतात. तुझा उजवा हात मनगटापासून गेल्याचं कळलं त्या आठवड्यात त्यांनी तुझ्या खोलीच्या दाराच्या बिजागऱ्या काढून दुसऱ्या बाजूला लावल्या. मग कपाट, मग न्हाणीघराची कडी. सगळं घर डावखुरं करून ठेवलंय. आई सवयीने भलत्याच बाजूला हात घालते आणि बाबांच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. ते ऐकून न ऐकल्यासारखं करतात. परवा डाव्या हाताने दाढी करत होते, जमतं का ते बघायला. हनुवटीवर कापूस लावून दिवसभर हिंडत होते आणि शेजाऱ्यांना सांगत होते की ब्लेडच खराब होतं.

मी अजून त्याच शिवणकारखान्यात आहे. फौजेच्या शर्टांच्या उजव्या बाह्या मी जोडते, डाव्या समोरच्या मशीनवरची बाई. तुझी बातमी आल्यावर मी कामावर गेले, तर मुकादमबाईंनी माझ्यापुढचा बाह्यांचा गठ्ठा उचलला आणि कॉलरींचा आणून ठेवला. एरवी ही बाई पाणी प्यायला उठलं तरी डोळे वटारते. मी तिच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले. नंतर अर्ध्या कॉलरी उलट्या लावल्या, त्याही तिनेच उसवल्या.

आता तुझ्या पत्राकडे वळते. ते मला तोंडपाठ झालंय. खंदकात तुमच्या मधोमध हातबॉम्ब घरंगळत आला. बाजूलाच खड्डा होता, त्यात लाथेने ढकलला असता तर कुणालाच काही झालं नसतं, रस्त्यावरचं कुठलंही पोर तेच करील, असं तू लिहितोस. पण तुझा पाय हललाच नाही. तू पाय जुळवलेस, बंदूक उलटी केलीस आणि स्टिकने चेंडू सारावा तसा दस्त्याने तो बॉम्ब दूर सारलास. बंदुकीचा पट्टा आडवा आला, म्हणून तो खंदकाच्या वळणापर्यंतच गेला आणि फुटला. बाकीचे वाचले. तुझा हात गेला आणि तुझ्या शेजारच्या वायरलेसवाल्याचा पाय. तो पाय माझ्यामुळे गेला, मी कुणाला काय तोंड दाखवू, असं लिहून तू भिंतीकडे तोंड करून पडून राहिलास. माझ्या जिवाला घोर लागलाय तो तुझ्या हाताचा नाही रे, ह्या भिंतीकडे तोंड करण्याचा आहे.

दोष द्यायचाच तर तुमच्या मास्तरांना दे. हॉकीत चेंडूला पाय लागला की फाउल, हे त्यांनी तुमच्या हाडात घातलं. ज्याचा पाय लागेल त्याच्या दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधायचे आणि बेडकासारख्या उड्या मारत मैदानाची फेरी घालायला लावायचे. तुला ती शिक्षा इतकी लागली की रस्त्यात दगड दिसला तर बाकीची पोरं लाथाडत जायची आणि तू वळसा घालून जायचास. आई म्हणायची, ह्याला पाय दिलेत तरी कशाला. लहानपणापासून जो पाय चेंडूपासून राखला तो त्या दिवशी एका क्षणात कसा पुढे येणार होता?

आणि ती फायनल. मी बाबांना घेऊन लाकडी बाकांवर बसले होते, नखं कुरतडून बोटं सोलली होती. चेंडू तुझ्या बुटाला निसटता लागला. पंचाने पाहिलं नाही, समोरच्या संघाने पाहिलं नाही, आम्ही तर नाहीच. आणि तू आपणहून हात वर केलास. तुमच्यावर पेनल्टी कॉर्नर, त्यावर गोल. तुझा गोलकीपर तुला कच्चा खायला निघाला होता. शेवटी तुम्ही जिंकलात म्हणून वाचलास, नाहीतर घरी येऊ दिलं नसतं कुणी. त्या दिवशी मला तुझा इतका अभिमान वाटला की कढईभर दूध उतू गेलं तरी माझं लक्ष नव्हतं. पण शिट्टी वाजली नसताना हात वर करायची ही खोड प्रत्येक ठिकाणी चालत नाही, टिल्ल्या.

कारण वायरलेसवाला आपल्या घरी येऊन गेला. हो, तोच. काटक, बुटका, कान बाहेर आलेले, तोंडाचा पट्टा अखंड चालू. आईला पाच मिनिटांत मावशी म्हणायला लागला, दोनदा वाढून घेऊन जेवला आणि बाबांना आपला लाकडी पाय काढून दाखवला. बाबांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि घोट्यापाशी काम कच्चं आहे म्हणून किसून नीट करून दिला. मग तो खंदकाबद्दल बोलला. त्या दिवशी चिखल पोटरीपर्यंत होता म्हणे. बूट ओढून काढायलाच दोन्ही हात लागायचे, लाथ कुठली मारतोय. तुला हे आठवत नाही. तुझ्या आठवणीत सपाट मैदान आहे, त्याच्या आठवणीत चिखल. खरं कुणाचं, मला माहीत नाही, मी तिथे नव्हते. पण त्याचा राग मी डोळ्यांनी पाहिला आणि तो पायाचा नाही. राग आहे तो ह्याचा, की हॉस्पिटलात तो दोनदा तुला भेटायला आला आणि दोन्हीदा तू त्याला परत पाठवलंस. म्हणाला, पाय माझा गेलाय, रुसायचं तर मी रुसेन, हा कोण रुसणारा. हे सांगताना त्याचे कान लाल झाले होते आणि डोळे भरले होते. मला हसावं की रडावं कळेना.

आता खरं सांगते. हे मी घरून लिहीत नाहीये. घरी कारखान्याचं कारण सांगून निघालेय आणि तुझ्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, औषधांच्या खिडकीसमोरच्या बाकावर बसलेय. नर्सबाई म्हणाल्या, तो कुणाला आत घेत नाही, पण चिठ्ठी पोचवते. म्हणून हे लिहायला घेतलं. वायरलेसवाला माझ्यासोबत आलाय. मी त्याला म्हटलं, आधी त्याला वाचू दे, मग काय ते तो ठरवेल. तर म्हणतो, दोनदा त्याने ठरवलं, आता माझी पाळी. आणि उठला. लिफ्ट आहे, पण ह्या हट्टी माणसाला जिनाच हवाय. कठड्याला धरून एक पायरी चढतो, थांबतो, दम खातो, मग पुढची. मला हात लावू देत नाही. ही चिठ्ठी घेऊन नर्सबाई त्याच्या आधी वर पोचायला हव्यात, म्हणून आवरतं घेते. तुला रडायचं तर रड, भांडायचं तर भांड, तोही भांडायच्या तयारीनेच येतोय. फक्त तुझ्या खाटेजवळची खुर्ची ओढून दारापाशी ठेव. वर पोचेल तेव्हा त्याला बसायला लागेल.

जिन्याच्या पायथ्याशी उभी,
तुझीच ताई