आईसाठी केलेली वायरिंग

बाबा,

तुमी झोपले होते, म्हणून उठवलं नाही. सहाच्या एसटीनं ड्युटीवर चालली.

आईले नदीवर न्यायले तुमी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बांधलेल्या घराची वायरिंग झाली. टेप गुंडाळलेला जोड काढून टाकला, कालचा झटका त्यानंच दिला होता. रागावू नका. बॅटरीजवळ फ्यूज बसवला, पत्र्याले अर्थिंग दिली. बाहेरून लाइन घ्याल तेव्हा आधी झटका रोखणारा नवा स्विच बसवला त्याचं टेस्टचं बटन दाबा. खटका पडला तरच तो परत वर करून आईची वाफेची मशीन लावा. नाही पडला तर लाइन काढा आणि मले फोन करा.

पहाटे आईले आत नेऊन बसवलं, लहान दिवा लावला. बाहेर एवढं धुकं होतं की आपलं अंगणच दिसत नव्हतं. आई म्हणे, "रुचिता, गाडी चालून राहिली काय वं?"

मी म्हटलं, "हो, पवनीच्या पुलावर आलो."

ती काचेले हात लावून धुक्यात पाणी पाहत राहिली. मग तिथंच झोपली, एकदाही खोकलली नाही. अजून तिथंच आहे, दार उघडंच ठेवलं.

डॉक्टर मले वेगळं बोलले, ते आल्यावर सांगते. धानाच्या कापणीसाठी थांबू नका, कापणीले मी सुट्टी काढून येते. तुमी तिले याच रविवारी नदीवर घेऊन जा.

रुचिता