टाकलेली

४ नोव्हेंबर
आज पार्से गावात राहायला आले. पद्मावतीकाकींच्या घरामागची खोली, स्वतंत्र दार, खिडकीशी काजूची फांदी. काकींनी आल्याआल्या कोकमाचं सरबत दिलं आणि चौकशी सुरू केली, "कारापूरचें कोणाचें चेडूं गो तूं?" मी बाबांचं नाव सांगितलं. सकाळी पोदेर सायकलवरून दारात पाव आणून देतो म्हणे. टेबल उजेडात लावलंय. पर्यटकांच्या मागे दुभाषी म्हणून धावणं आता बंद. यापुढे नुसतं कागदांचं भाषांतर. पुण्यात शिकलेलं रशियन निदान बसल्या जागी उपयोगी पडेल. पेडण्याच्या सगुण वकिलांनी पहिलं काम दिलंसुद्धा. खूप दिवसांनी बरं वाटतंय.

६ नोव्हेंबर
एक रशियन आजोबा किनाऱ्याजवळ भाड्याच्या घरात एकटेच वारले. चार दिवसांनी कळलं. चौकशीचा इंग्रजी अहवाल त्यांच्या मुलीसाठी, लारिसासाठी, रशियनमध्ये करायचाय. नऊ पानं सरळ गेली, एका शब्दावर अडले. डेरेलिक्शन. इंग्रजीत तो ओसाड घरालाही चालतो आणि वाऱ्यावर सोडलेल्या माणसालाही. लिहिणाऱ्याने तो वापरून हात झटकलेत. रशियनमध्ये असं मोघम राहता येत नाही. घर ओसाड पडलं तर 'झापुस्त्येनिये'. माणसाला सोडून दिलं तर 'ब्रोशेन'. त्याचा मूळ धातू म्हणजे फेकणं. आपण 'टाकलं' म्हणतो, अगदी तसंच. आणि टाकलं म्हटलं की कुणी, हा प्रश्न आलाच.
सगुण म्हणाले, मिळमिळीत शब्द घाला, त्या पोरीला कशाला दुखवायचं? 'झापुस्त्येनिये' घातला. घर ओसाड होतं. कुणाचा दोष नाही.

८ नोव्हेंबर
सकाळी फाईल उघडली तर त्या जागी 'ब्रोशेना'. मीच दमलेल्या डोक्याने लिहिलं असेल. पण ब्रोशेना बाईसाठी. टाकलेली. आजोबा तर पुरुष. दुरुस्त केलं. जेवून आले, पुन्हा ब्रोशेना.
काकींना विचारलं, माझ्या खोलीत कुणी आलं होतं का. म्हणाल्या, कुणी नाही, पण तुझी म्हातारी मघापासून खिडकीत बसलीय, जेवायला हाक मारली तर बोलली नाही. मी सांगितलं, माझ्याबरोबर कुणी राहत नाही. काकी हसल्या. भाडं वाढवणार नाही हो प्राजू, म्हणाल्या, लपवतेस कशाला?

१० नोव्हेंबर
रुक्मिणीमावशीबद्दल लिहायलाच हवं.
आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. तिचा मुलगा, निलेशदादा, बोटीवर नोकरीला. पक्षाघाताने मावशीची वाचा गेली, पाय गेले, तेव्हा त्याने तिला माझ्या हवाली केलं. मार्चमध्ये मला मोरजीला पाच दिवसांचं काम मिळालं. तिच्या उशाशी पाणी, बिस्किटं, फोन ठेवला, बाहेरून कुलूप लावलं. शेजारच्या सुविधावहिनी दोन्ही वेळा बघून जातील, असं दादाला कळवलं. वहिनींना सांगायचं राहून गेलं.
नाही. राहून गेलं नाही. आमचं भांडण झालं होतं आणि मला त्यांच्या पायरीवर जायचं नव्हतं.
पाचव्या दिवशी कुलूप मीच काढलं. दादाला म्हटलं, झोपेत गेली. माझ्या फोनला रेंज नव्हती, असंही म्हटलं. त्याने माझेच आभार मानले.

१२ नोव्हेंबर
परवा भाषांतर पाठवलं होतं. तीनदा वाचून, 'झापुस्त्येनिये'च ठेवून. आज लारिसाचं उत्तर आलं. लिहिते, शब्द मऊ करायची गरज नव्हती. वडिलांना मी टाकलं, मला ठाऊक आहे. फक्त शेवटची ओळ समजली नाही: "रुक्मिणी, कारापूर. टाकलेली. पाणी तिसऱ्या दिवशी संपलं." ही रुक्मिणी कोण?
तिसऱ्या दिवशी.
हे मलाही माहीत नव्हतं.

१३ नोव्हेंबर
फाईल पुसली. नवीन उघडली, तोच शब्द. कागदावर पेनने दुसराच शब्द लिहायला घेतला. हात आपोआप वळतो. शेवटी तो बायकी 'आ'—
काकी दोन ताटं आणतात. एकच आणा म्हटलं. म्हणाल्या, किती सुकलीय ती, ओठ बघ तिचे. तुला बघवतं तरी कसं?

१४ नोव्हेंबर, दुपारी
अजून एक आहे. तेही लिहिते.
मोरजीला रेंज होती. मावशीचे फोन येत होते. पाहुणे जेवत होते, मी टेबलापाशी उभी. एकदा उचलला. नुसता श्वास. तिला बोलता येत नाही, ऐकून तरी काय करायचं, असं म्हणून फोन पालथा—
दादाला सांगायला हवं. आजच.

चार वाजता
सांगितलं. वहिनी, कुलूप, फोन, सगळं. दादा म्हणाला, तू जरा थांब. तिला बोलू दे.
कोणाला, विचारलं.
फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवलाय. लिहिणं सोडलं तर मागे वळून बघावं—
दादा बोलतोय. माझ्याशी नाही. आई, आई म्हणतोय. मधे थांबतो. ऐकतो. रडतो. परत काही विचारतो. त्याला सगळं कळतंय. मला एक अक्षर ऐकू येत—
आता विचारतोय, प्राजू कुठे आहे?
ती सांगतेय. माझ्या कानाशी वाकून, माझ्याच आवाजात—