पाडव्यानंतरच्या चौदा मॅचेस

क्लोनडॉकिन,
गुरुवार दुपार

प्रिय हर्षवर्धन,

कासलबारला खोली मिळाली, हॉस्पिटल चालत दहा मिनिटांवर आहे, असं तू आमच्या ह्यांना, म्हणजे तुझ्या काकांना, कळवलंस. ऐकून बरं वाटलं. त्याच फोनवर "आता अमेरिकन फुटबॉल बंद, माझे हात त्यासाठी नाहीत" असंही म्हणालास म्हणे. ते ऐकून मात्र अजिबात बरं वाटलं नाही. मला तू काहीच कळवलं नाहीस आणि त्याचं कारण मला ठाऊक आहे. फोन केला असता तर "ग्रँड आहे सगळं, काकू" एवढ्यावर तू मला गप्प केलं असतंस. म्हणून काकांकडून पत्ता घेतला आणि लिहायला बसले. माझा गुरुवार आहे, स्वयंपाकात फारसं अडकायचं नाही. थोडं लांबेल, पण पूर्ण वाच.

रविवारी तुझा निरोपसमारंभ होता आणि तूच नव्हतास. मैदानाशेजारच्या कार पार्कमध्ये टेबलं मांडली होती. नोरीनने, टीममधल्या आपल्या छोट्या किअरनच्या आजीने, तुझ्या जर्सीचा नंबर घालून केक केला होता. सत्त्याऐंशीतला सात वाऱ्याने खोक्याच्या पुठ्ठ्याला चिकटला. बराच वेळ सगळे रस्त्याकडे बघत होते. शेवटी कोच म्हणाला, डॉक्टर लोक, ड्यूटी लागली असेल. मला माहीत होतं की ड्यूटी नव्हती. तुझा वाटा नोरीनने फ्रीझरमध्ये ठेवला आहे आणि तो कोणाला देणार नाही म्हणते.

त्याच्या आधीच्या रविवारचं बोलायला हवं. शेवटची मॅच हरलो आणि बाकांवर तुझीच चर्चा सुरू झाली. तू मैदानाच्या त्या टोकाला बूट सोडत होतास, सगळं तुझ्या कानावर गेलंच असणार. दर मॅचला माझ्या शेजारी बसणाऱ्या डेक्लनचा आवाज काय, तो घरात बोलला तरी बसस्टॉपवर ऐकू येतो. "हा गडी, युअर मॅन, दोन वर्षं टाइट एंड म्हणून उभा होता, की दाराला लावायचा दगड म्हणून?" असं तो म्हणाला. बाकावरचे आपले अंबरीशही काही कमी नाहीत. "अहो, हातात काही टिकत नाही, आणि हा माणूस ऑपरेशन करतो!" यावर सगळे खो खो हसले. एकटी नोरीन भांडत होती, की पोरगा किती चांगला आहे, जाताना तरी नीट बोला. त्यावर डेक्लन म्हणाला, "चांगला आहेच गं बाई, मी जावई करून घेईन. पण चेंडू झेलतो का तेवढं सांग." मग तो माझ्याकडे वळला. "मिसेस पी, तुमच्या वहीत काय आहे?"

माझी वही तुला माहीत आहे. दहावीपर्यंत शिकलेली बाई मी, घरचा जमाखर्च लिहायची सवय. गौरव खेळायला लागला तेव्हा थंडीत बसून करायचं काय, म्हणून मॅचचं लिहायला लागले. खेळातलं तेव्हा काही कळत नव्हतं. एवढंच समजलं होतं, की गौरव चेंडू फेकणारा, त्याला क्वार्टरबॅक म्हणतात, आणि रांगेच्या टोकाला उभा राहणारा दणकट गडी तो टाइट एंड. त्याने कधी समोरच्याला अडवायचं, कधी पुढे पळत जाऊन चेंडू झेलायचा. म्हणून प्रत्येकाच्या नावापुढे रकाने आखले होते: फेकले, झेलले, सुटले. कोचने एकदा बघितलं आणि मग क्लबचं सगळं मोजमाप माझ्या वहीतूनच जायला लागलं. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला सांगू.

तर मी तुझी दोन वर्षांची बेरीज केली आणि वाचून दाखवली. फेकले त्रेचाळीस, झेलले पंधरा, सुटले अठ्ठावीस. बेरीज दोनदा तपासली, चूक नव्हती. डेक्लनने पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. संध्याकाळी तुझं उत्तर आलं, की आकडे बरोबर आहेत, सर्वांचे आभार. खाली बारीक अक्षरात आलं, की तू ग्रुप सोडलास. हर्षवर्धन, त्या फोटोतलं अक्षर माझं होतं. तुझ्या डोळ्यांसमोर जे पान आलं ते माझ्या हाताने लिहिलेलं होतं.

आणि हे कोणाबद्दल केलं मी? गेल्या वर्षी मार्चमध्ये, मोसमाच्या पहिल्याच मॅचमध्ये, गौरवला दोघांनी मिळून आपटलं. उठला तेव्हा त्याला वार आठवेना. तू आदल्या रात्रीची ड्यूटी करून मॅचला आला होतास, तसाच आमच्याबरोबर हॉस्पिटलला आलास. सात तास त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलास. तिथले डॉक्टर बोलून गेले, की प्रत्येक शब्द तू मला मराठीत सांगायचास. मेंदूला सूज नाही, तीन आठवडे खेळ नाही, टीव्ही नाही. सांगतानाही आधी माझ्याकडे बघून हसायचास, मग सांगायचास. काका भिंतीला टेकून उभे होते. त्यांना चहा आणून दिलास तो तूच. तू नसतास तर त्या दिवशी आमचं काय झालं असतं, हा विचार मी अजूनही पुरा करत नाही.

नंतर पाडवा आला. तू जेवायला होतास. गौरवच्या हर्लीला, म्हणजे इथल्या हॉकीसारख्या खेळाच्या काठीला, माझं जुनं इरकल बांधून आम्ही मागच्या खिडकीत गुढी उभी केली होती. आमचे देव हॉट प्रेसच्या कपाटात, गरम पाण्याच्या टाकीवरच्या फळीवर, त्यावरून तू म्हणालास, की आयर्लंडमध्ये एवढे उबदार देव दुसरे नसतील. जेवणं झाली, गौरव वर गेला, आणि मी तुला त्या प्रेसपाशी बोलावलं. गौरव पुढच्या मॅचपासून पुन्हा खेळणार होता. काका म्हणत होते खेळू दे, डॉक्टर म्हणाले होते खेळू दे, आणि माझं मन तयार होईना. मी तुझ्या हातावर नारळाचा प्रसाद ठेवला आणि म्हटलं, "तू त्याच्या शेजारी उभा असतोस. माझ्या लेकाच्या अंगाला कोणाला हात लावू देऊ नकोस. इथे शब्द दे." तू आधी हसलास. मग माझ्या तोंडाकडे बघितलंस आणि हसणं थांबवलंस. "नाही लावू देणार, काकू," म्हणालास आणि प्रसाद खाल्लास.

खरं सांगू? मला वाटलं, मोठ्या बाईचं मन राखायला बोलला. आपल्याकडे कोणी निघालं की म्हणतोच ना, सांभाळून घे रे त्याला. तेवढ्यावर मी निर्धास्त झाले. देवाचे आभार मानत राहिले आणि तू दिलेला शब्द विसरले.

रविवारी केक कापून घरी आले तेव्हा मन लागेना, म्हणून वही उघडली. तुझं काहीतरी चांगलं सापडतं का, एवढंच बघायचं होतं. अगदी पहिलं पान काढलं, मार्चमधल्या त्या मॅचचं. तुझ्या नावापुढे फेकले पाच, झेलले चार. मी चष्मा पुसला. पुढचं पान, पाडव्यानंतरचं. फेकले तीन, झेलला एक. त्याच्या पुढचं, फेकले दोन, झेलले शून्य. अशी चौदा पानं. एकूण बेरीज मी केली होती, पण पानापानाने कधी बघितलंच नव्हतं. ज्या माणसाने पाचातले चार धरले त्याचे हात एका पाडव्यात कसे बिघडतील?

मी गौरवला मॅचचे व्हिडिओ लावायला सांगितले. कारण सांगितलं नाही. मी चेंडूकडे बघायचं सोडलं आणि फक्त सत्त्याऐंशी नंबर बघितला. तुला पळायचं असतं, पण तू पळत नाहीस. एक क्षण थांबतोस, मान वळवून मागे गौरवकडे बघतोस, त्याच्यावर कोण धावून येतंय ते बघतोस, जो येईल त्याला आडवा जातोस, आणि मग सुटतोस. कोच काठावरून ओरडतोय, पळ, पळ! तोवर चेंडू तुझ्यापर्यंत पोहोचलेला असतो आणि तू अर्धा वळलेला. तो हाताला लागून पडतो. बहुतेक वेळी. त्या चौदा मॅचेसमध्ये गौरव किती वेळा जमिनीवर आडवा झाला, असं मी त्याला विचारलं. त्याने आठवून सांगितलं, दोनदा. त्यातली एक तू ड्यूटीवर होतास म्हणून मध्यंतरानंतर आलास, त्या दिवशीची.

आता पुढचं काय, हे अवघड होतं. गौरवला क्लबचं सर्वोत्तम खेळाडूचं पदक दोन्ही वर्षी मिळालं. काय शांतपणे उभा राहून फेकतो, याचं कौतुक. ते पदक मी देवांच्या शेजारी ठेवलं आहे. तुझ्या बाजूने बोलायचं तर आधी त्याच्याशी बोलायला हवं, आणि वीस वर्षांच्या मुलाला सांगायचं, की तुझ्या आईने तुझ्यासाठी राखणदार मागितला होता. एकदा वाटलं, गप्प बसावं. तू तर गेलासच, कोणाला कळणार आहे? मग वाटलं, देवासमोर शब्द घ्यायला पुढे झाले, आता तोंड लपवू कुठे?

मी सांगितलं. तुला माहीत आहे, त्याला मराठी सगळं समजतं आणि उत्तर इथल्या इंग्रजीत देतो. "मॅम, यू डिड व्हॉट?" एवढंच बोलला. जिना असा चढला की प्रेसमधल्या समया हलल्या. सोमवारी डबा नेला नाही, मंगळवारीही नाही. काका म्हणाले, येईल खाली, बाप आहे मी त्याचा, मीही असाच होतो. काल सकाळी आला. समोर बसला, वही मागितली, चौदाही पानं स्वतः मोजली. मग मला म्हणाला, आणि या वेळी अर्धं तरी मराठीत, "आई, तो मला कधीच काही बोलला नाही. मीच त्याला ओरडायचो, हँड्स, डॉक, हँड्स!" मग वही मिटून माझ्या शेजारी येऊन बसला. लहानपणी बसायचा तसा.

दुपारी त्याने ग्रुपवर सगळं लिहिलं. व्हिडिओचे तीन तुकडे लावले, पाडव्याचंही लिहिलं, आईचं नाव झाकलं नाही. मी म्हटलं होतं, झाकू नकोस. मग डेक्लनने पानाचा तो फोटो ग्रुपवरून काढला आणि स्वतःला एक शब्द लावला. अर्थ विचारला तर नोरीन म्हणाली, तो पत्रात लिहू नकोस. अंबरीशनी मला फोन करून तुझा नंबर मागितला. कोचने एवढंच लिहिलं, की दोन वर्षं मी चुकीच्या माणसावर ओरडत होतो. नोरीन तर घरीच आली. दोन कप चहा प्यायली आणि माझा हात धरून म्हणाली, तिच्या किअरनसाठी तिनेही हेच केलं असतं, फक्त तिला एवढा शब्दाचा पक्का माणूस मिळाला नसता.

ग्रुपवरचं कौतुक तुला गौरव कळवेलच, शनिवारी गाडी घेऊन तुझ्याकडे येतोय. मी लिहितेय ते वेगळ्या कामासाठी, आणि ते मलाच करायला हवं. तू अजून स्वतःच्या हातांना दोष देतोयस. शब्द दिला होतास हे तुला कदाचित आठवतही नसेल, थांबायची सवयच लागली असेल. मला मात्र तो नीट आठवतो, कारण तो मी मागितला होता. गौरव पडला असता तर काय, याचा मी रोज विचार केला. तू कोणाचा तरी मुलगा आहेस, नागपूरला तुझीही आई मैदानाच्या काठावर बसल्यासारखी जीव मुठीत धरून असेल, हा विचार मी एकदाही केला नाही. आज सकाळी पूजा झाल्यावर मी त्याच प्रेससमोर उभी राहिले, नारळ फोडला आणि तो शब्द परत केला. तू माझ्या बाजूने मोकळा आहेस. माझा लेक दोन वर्षं धडधाकट घरी आला, त्याबद्दल तुझे आभार कसे मानायचे ते मला येत नाही, म्हणून नुसतेच मानते. तिकडे जवळपास टीम शोध. चेंडू खेळात आला की सरळ पळ, मान वळवू नकोस, चेंडूकडे बघ. आणि कोणाची आई काही सांगायला आली तर तिचं ऐकू नकोस.

तुझीच, आजपासून तुझ्यासाठीही हात जोडणारी,
पद्मिनीकाकू